जत्रा किती दिवसांची?

हिंजवडीत अंतर कोणी किलोमीटरमध्ये सांगत नाही. फेज थ्रीपासून वाकडचा पूल किती लांब, असं विचारलं तर उत्तर येतं, "चारला निघालात तर वीस-पंचवीस मिनिटं. सहाला निघालात तर घरी फोन करून ठेवा."

संपादकांनी यंदा 'सुट्टी' हा विषय दिला आणि त्याला एक प्रश्न जोडला: मुलाबाळांना घेऊन थीम पार्कला जाणारी कुटुंबं तिथे किती दिवस राहायचं, हे ठरवतात कसं? ऐकताना प्रश्न पोरकट वाटला. पण रोज मिनिटामिनिटाचा हिशेब करणारं गाव सुट्टीचा हिशेब कसा मांडतं हे बघण्यासारखं असणार, म्हणून हिंजवडी गाठली.

फेज वनमध्ये एका कंपनीच्या फाटकासमोर चहाची टपरी आहे. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेले एकाच टीममधले चौघं तिथे उभे होते. विषय काढताच एकाने फोनवर एक्सेलची शीट उघडून दाखवली. ठिकाण, रात्री, पार्कचे दिवस, लागणारी रजा, खर्च असे रकाने होते. खोपोलीच्या इमॅजिकापासून सिंगापूरपर्यंतची नावं होती. शेवटचा रकाना 'आईबाबा येणार?' असा होता आणि त्यात खालपर्यंत नुसती प्रश्नचिन्हं.

"पार्क किती दिवसांत बघून होतं, ते नंतर," तो म्हणाला. "आधी रजा किती दिवसांत संपते ते बघायचं."

बाकीचे हसले, पण कोणी नाही म्हणालं नाही.

रजेची वही

महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आयटी कंपन्यांच्या कार्यालयांनाही लागू आहे. त्यानुसार वर्षाला आठ किरकोळ रजा मिळतात. त्या वापरल्या नाहीत तर वर्षाअखेर बुडतात. सणांच्या आठ भरपगारी सुट्ट्या वेगळ्या. शिवाय वर्षात २४० दिवस काम भरलं की वीस दिवसांमागे एक या प्रमाणात हक्काची रजा साठते, ती ४५ दिवसांपर्यंत. कागदावर हे काही वाईट नाही. पण घरात पगार दोन आणि रजेच्या वह्याही दोन असतात, आणि शाळेची तिसरी. नवऱ्याचं रिलीज, बायकोचं ऑडिट आणि मुलीची युनिट टेस्ट यांतून एकच मोकळा आठवडा शोधायचा, तर पंचांग बघून मुहूर्त काढणं सोपं पडेल. त्यातही काही कंपन्यांत 'सँडविच' असतं. शुक्रवारी आणि सोमवारी रजा टाकली की मधले शनिवार-रविवारही रजेत धरले जातात.

एलटीएचा उल्लेखही हमखास होतो आणि त्याबद्दलचा गैरसमजही. प्रवासभत्त्यावरची करसवलत चार वर्षांच्या गटात दोनदाच मिळते, भारतातल्या प्रवासालाच मिळते, आणि ती फक्त जाण्यायेण्याच्या भाड्यावर असते. हॉटेल, जेवण, पार्कचं तिकीट यांचा तिच्याशी संबंध नाही. नव्या करप्रणालीत गेलेल्यांना तर तीही नाही. म्हणजे सिंगापूरला जाणाऱ्याला यातला रुपयाही मिळत नाही आणि खोपोलीला स्वतःच्या गाडीने जाणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही. तरीही 'एलटीए आहे ना' म्हणून दिवस वाढवणारे मला भेटले.

सहा दिवसांतले किती?

वाकडच्या चौकाजवळ पहिल्या मजल्यावर एका बाईंचं प्रवास कार्यालय आहे. कुटुंबांच्या सहली ठरवण्यात त्यांची बरीच वर्षं गेली आहेत. मराठी मध्यमवर्गाला सहल दिवसांत मोजायला शिकवलं ते ग्रुप टूरने. केसरी १९८४ पासून, वीणा वर्ल्ड २०१३ पासून. सकाळी किती वाजता बॅग खोलीबाहेर ठेवायची इथपासून सगळं छापील. 'पाच रात्री, सहा दिवस' हे शब्द आता 'दोन बेडरूम, हॉल, किचन'इतके सरावाचे झाले आहेत.

"सहा दिवस म्हणजे सहा दिवस नव्हेत हे लोकांना कळतं, पण वळत नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी कागद ओढला आणि सिंगापूरचे सहा दिवस लिहिले. पहिल्या दिवशी विमान उतरणार, इमिग्रेशन, हॉटेल. खोली दुपारी मिळणार, तोवर मुलं लॉबीतल्या सोफ्यावर झोपणार. सहाव्या दिवशी सकाळी खोली सोडायची. दोन्हींवर काट मारली. उरले चार. एक शहर बघायला, एक पक्षी-प्राणी बघायला, एक मुस्तफा सेंटरमध्ये खरेदीला. युनिव्हर्सलला उरला एक.

"आणि एक पुरतो?"

"सिंगापूरला पुरतो. ते पार्क मुळात लहान आहे." सेंटोसा बेटावरचं युनिव्हर्सल स्टुडिओज जेमतेम वीस हेक्टरांचं, पन्नास एकरांच्या आतबाहेर. सकाळी दार उघडताना आत शिरलेलं कुटुंब संध्याकाळपर्यंत बहुतेक सगळं बघून होतं. २००५ साली उघडलेलं हाँगकाँगचं डिस्नेलँडही डिस्नेच्या पार्कांत लहानांपैकी. खरा घोळ फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डचा, असं बाईंचं म्हणणं. तिकडे एक दिवस मागणारं कुटुंब आणि दहा दिवस मागणारं कुटुंब, दोघांनाही समजावत बसावं लागतं.

तिथली तिकिटंच अशी रचलेली आहेत की जास्त दिवसांचं तिकीट घेतलं तर दर दिवसाचा भाव उतरतो. चौथा दिवस पहिल्यापेक्षा बराच स्वस्त पडतो. मग माणूस म्हणतो, एवढं आलोच आहोत तर अजून एक. त्या एका दिवसाचं हॉटेल, जेवण आणि बुडालेली रजा तिकिटावर छापलेली नसते.

पाळणा जात नाही तेव्हा

हिंजवडी आयटी पार्कच्या आधीपासून आहे. गावाची जत्रा म्हातोबाची, चैत्री पौर्णिमेला. बगाड निघतं, गळकरी चढतो आणि 'चांगभलं'च्या गजरात ते वाकडकडे जातं. जत्रेत पाळणे लागतात, खेळणी आणि रेवड्यांची दुकानं लागतात. जत्रा किती दिवसांची हे कोणत्याही कुटुंबाला ठरवावं लागत नाही. तिथी ठरवते. जत्रा पांगली की पाळणेवाला लोखंड उतरवून ट्रकमध्ये भरतो आणि पुढच्या गावाला निघतो.

थीम पार्कचा पाळणा कुठेच जात नाही. आजही तिथे, उद्याही तिथेच. त्यामुळे थांबायचं कधी, हे ठरवण्याचं काम पाहुण्याच्या गळ्यात पडतं, आणि पार्कचा मालक 'थांबा की अजून' म्हणायला मोकळा होतो.

आपल्याकडे हे १९८९ मध्ये गोराईला सुरू झालं. एस्सेलवर्ल्डच्या जाहिरातीतलं पोरगं घरी जायलाच तयार नव्हतं. प्रत्यक्षात मात्र दिवस संपवायला खाडी होती. मार्वे किंवा बोरिवलीच्या बाजूची लाँच गाठायची म्हणजे मास्तर संध्याकाळी शिट्टी वाजवणारच. शाळेच्या सहलीने गेलेल्या पिढीला एस्सेलवर्ल्ड एक दिवसाचंच आठवतं. १९९८ मध्ये शेजारी वॉटर किंगडम आलं आणि पहिल्यांदा प्रश्न पडला: दोन्ही एका दिवसात कसं होणार? एस्सेलवर्ल्डचे पाळणे आता थांबले आहेत.

डिस्नेने हाच डाव पुष्कळ मोठ्या पटावर खेळला. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइमला उघडलेलं पहिलं डिस्नेलँड एका दिवसात बघून घरी जायचं ठिकाण होतं. चहूबाजूंनी मोटेलं उगवली आणि रात्रीचा धंदा त्यांच्याकडे गेला. फ्लोरिडात मग आधी जमीनच एवढी घेतली की शेजारी कोणी यायलाच नको. तिथलं डिस्ने वर्ल्ड १९७१ मध्ये एका पार्काने सुरू झालं. १९८२ मध्ये एपकॉट, १९८९ मध्ये तिसरं, १९९८ मध्ये चौथं. प्रत्येक पार्कागणिक कुटुंबाच्या सुट्टीला एक दिवस जोडला गेला. आज ती सगळी मालमत्ता सुमारे शंभर चौरस किलोमीटर आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेचं सगळं क्षेत्र १८१ चौरस किलोमीटर. म्हणजे निगडीपासून दिघीपर्यंतच्या शहराच्या निम्म्याहून जास्त. निगडीचं अप्पूघर आपण तासाभरात आटोपतो, तो हिशेब तिथे लावून उपयोग नाही.

खोपोलीत हीच वाट लहान आकारात दिसते. अ‍ॅडलॅब्जच्या मनमोहन शेट्टींनी २०१३ मध्ये खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीला इमॅजिका उघडलं. पुढच्याच वर्षी वॉटर पार्क आलं, २०१५ मध्ये दाराशी हॉटेल, २०१६ मध्ये स्नो पार्क. एका दिवसाची जागा तीन वर्षांत मुक्कामाची झाली. धंदा मात्र कर्जात रुतला आणि २०२२ मध्ये ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेलं. शिर्डीचं साईतीर्थ आणि 'वेट एन जॉय' चालवणारा हाच समूह. देवदर्शनाला आलेलं कुटुंब अजून एक रात्र कसं थांबेल, याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

एक मंगळवार, दोन शनिवार

हिंजवडीहून पुनावळे-रावेतवरून किवळ्याला द्रुतगती मार्गाला लागायचं, घाट उतरायचा आणि खोपोलीला बाहेर पडून पालीचा रस्ता धरायचा. नकाशा दीडेक तास दाखवतो. शनिवारी सकाळी मुंबईकर घाट चढत असतात, पुणेकर उतरत असतात आणि मधल्या मधे एखादा ट्रेलर बंद पडलेला असतो. गाडीत मागे बसलेलं पोर 'आलं का?' हा प्रश्न लोणावळ्यापासूनच सुरू करतं.

मी तिथे शनिवारीही गेलो आणि मधल्या वारीही. नकाशा तोच आणि खेळ तेच, पण पार्क दोन वेगळी वाटावीत. त्यामागचं गणित हिंजवडीतल्या कोणत्याही इंजिनिअरला पाठ असतं, कारण सर्व्हरसमोर ताटकळणाऱ्या विनंत्यांनाही तेच लागू पडतं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांगने १९०९ मध्ये रांगांचं शास्त्र मांडायला सुरुवात केली. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्यातला सगळ्यांत कामाचा नियम सिद्ध केला. खेळ तासाला सहाशे माणसं नेत असेल आणि तुमच्यापुढे सहाशे उभी असतील, तर तुम्ही तासभर उभे राहणार. खेळाचा वेग वाढवता येत नाही. झुल्यात बसवायचं, पट्टे आवळायचे, तपासायचे, सोडायचे, उतरवायचे. याला लागायचा तेवढा वेळ लागतोच, आणि लागलेला बरा.

आता दिवस मांडून बघा. पार्क आठ-नऊ तास उघडं. जेवण, स्वच्छतागृह, लॉकर, रुसवेफुगवे यांत दोन-अडीच तास गेले. एका खेळामागे चालणं धरून तास लागत असेल तर हाती सहा खेळ येतात. पंचवीस मिनिटं लागत असतील तर चौदा-पंधरा. म्हणजे एक मंगळवार बरोबर दोन शनिवार, कधी त्याहून जास्त. किती दिवस जायचं याआधी कोणत्या वारी जायचं हे विचारायला हवं. रजा टाकण्याची खरी जागा तो मंगळवार आहे. एक रजा वाचवायला शनिवार-रविवारचे दोन दिवस, दोन दिवसांची तिकिटं आणि एका रात्रीचं हॉटेल घालणारं कुटुंब काय वाचवतं, मला कळलेलं नाही.

रांगेत उभं राहण्याचंही एक मानसशास्त्र आहे. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये लिहून ठेवलंय की हाताला काही नसताना घालवलेला वेळ हाताला काम असतानाच्या वेळेपेक्षा लांब वाटतो. म्हणून तर रांगा भुयारांतून, किल्ल्यातून, चित्रांच्या भिंतींमधून वळवलेल्या असतात. इमॅजिकातल्या सलीमगढच्या भुताटकीत शिरायच्या आधीच पोरांची पाचावर धारण बसते, ती काही उगाच नाही. डिस्नेने १९९९ मध्ये ठरावीक वेळेला या आणि रांग टाळा अशी फुकट चिठ्ठी सुरू केली होती. ती २०२१ मध्ये बंद झाली. आता रांग टाळायला पैसे मोजावे लागतात, खोपोलीतही एक्स्प्रेस पास मिळतो. देवळाच्या व्हीआयपी दर्शनाला नाकं मुरडणारे इथे तो बिनतक्रार घेतात. माझं मत, आठवड्याच्या मधल्या दिवशी त्याची गरज नाही.

नायट्रो हा तिथला सगळ्यांत मोठा रोलर कोस्टर. खाली जमीन नसलेल्या झुल्यात पाय लोंबकळत असतात आणि चढण चाळीस मीटरची. त्याच्या दाराशी उंची मोजायची पट्टी आहे. मी उभा होतो तिथे एका मुलाला त्या पट्टीने परत पाठवलं. तो टाचा उंचावत होता, काम करणारा दादा हसत खांद्यावर हात ठेवून टाचा खाली आणत होता. बापाने मग थोरल्याला रांगेत घातलं आणि आई धाकट्याला घेऊन मुलांच्या खेळांकडे गेली. त्या क्षणी कुटुंबाचा दिवस दोन तुकड्यांत फाटला. चौघांनी एकत्र करायचे खेळ वेगळे आणि पाळीपाळीने करायचे वेगळे, हा हिशेब कोणत्याही पॅकेजात नसतो. आणि दिवस कमी पडतो तो नेमका इथे.

पाऊस हा आणखी एक भिडू. खोपोली घाटाच्या पायथ्याला, त्यामुळे पावसाळ्यात धो-धो. वीज कडाडली की उघड्यावरचे खेळ थांबतात. एप्रिल-मेमध्ये उलटं, लोणावळ्याचा वारा घाटावरच राहतो आणि खाली कोकणातला घाम. दुपारी दोन ते चार माणसं सावली शोधतात. हे दोन तास वॉटर पार्कला द्यावेत असं वाटतं, पण त्याचं तिकीट वेगळं, कपडे नायलॉनचेच हवेत, आणि भिजलेली पोरं परत कोरडी करून मोठ्या पार्कात आणणं हे आईलाच विचारा. दोन्ही एका दिवसात करू नयेत.

सगळ्यांत हळू चालणारा

वॉटर पार्कच्या बाजूला सावलीतल्या बाकावर एक आजी बसल्या होत्या. मांडीवर पाच बॅगा, तीन फोन आणि कोणाचे तरी बूट. "मला इथलं काही नको," त्या म्हणाल्या. "मी महडला जाऊन आले सकाळी. उद्या पालीला."

हे फार मराठी उत्तर आहे, आणि फार शहाणं. अष्टविनायकांतले दोन, महडचा वरदविनायक आणि पालीचा बल्लाळेश्वर, या पार्कच्या आसपास आहेत. इथे एक रात्र राहणाऱ्या कितीतरी कुटुंबांचा मुक्काम खरं तर गणपतीमुळे ठरलेला असतो. आजीचे देव, नातवांचे झुले आणि मधल्या पिढीची एक रात्र. एक्सेलमधल्या 'आईबाबा येणार?' या रकान्यातली प्रश्नचिन्हं मला इथे कळली. सहल किती दिवसांची हे तोच रकाना ठरवतो. झुले कितीही असोत, कुटुंब चालतं ते सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्या पायांनी.

मारुंजीतल्या एका सोसायटीत राहणाऱ्या निवृत्त जोडप्याने हे फ्लोरिडात अनुभवलं. मुलगा अमेरिकेत. आईबाबा सहा महिन्यांसाठी गेले तेव्हा त्याने ऑर्लँडोची सहल आखली, चार दिवस, चार पार्क. "पहिल्या दिवशी मजा आली," काका म्हणाले. "दुसऱ्या दिवशी हिचे गुडघे बोलायला लागले. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं हॉटेलात थांबलो. मुलाला वाईट वाटलं. पैसे भरले होते ना त्याने." काकूंनी मधेच सांगितलं, "पण मला आठवतो तो तिसराच दिवस. नातू दुपारी परत आला, माझ्याजवळ झोपला."

ते निदान अमेरिकेतल्या अमेरिकेत गेले होते. पुण्याहून थेट जाणाऱ्याला उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक असतो. पहिले दोन-तीन दिवस मुलं पहाटे तीनला टक्क जागी आणि संध्याकाळी सहाला ताटात पेंगत. आतषबाजी रात्री नऊला. पहिल्याच दिवशी पार्कचं तिकीट काढणाऱ्याने ती आतषबाजी खांद्यावर झोपलेल्या मुलासह बघितली म्हणून समजा.

आठवा दिवस

मग लांब सुट्टी चांगली की छोटी? नेदरलँड्समध्ये यावर बरंच काम झालं आहे. जेसिका द ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लांब सुट्टीवर गेलेल्या नोकरदारांना बरं वाटणं आठव्या दिवसाच्या सुमारास शिगेला पोचलेलं दिसलं. कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात ते मूळपदावर आलं. या मंडळींची सुट्टी सरासरी २३ दिवसांची होती. हा आकडा मी टपरीवरच्या चौघांना सांगितला तेव्हा एकजण म्हणाला, "आमच्याकडे त्याला नोटीस पिरियड म्हणतात."

येरून नावेन यांचा २०१० चा अभ्यास हिंजवडीला जास्त लागू पडतो. सुट्टीवर जाणारे लोक न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी आढळले, पण जाण्याआधी. परतल्यावर फरक उरला तो फक्त 'खूप निवांत' सुट्टी घालवलेल्यांत. म्हणजे शीट भरण्यात जाणाऱ्या संध्याकाळी वाया जात नाहीत, तो सुट्टीचाच भाग. आणि निवांतपणा नसेल तर दिवस वाढवूनही हाती काही राहत नाही. निवांत दिवस पॅकेजात विकत मिळत नाही. तो आपणच मधे सोडावा लागतो, आणि मराठी माणसाला पैसे भरून मोकळा दिवस सोडणं जिवावर येतं.

एवढं बघून-ऐकून माझा निकाल असा. खोपोलीला मधल्या वारी एक पूर्ण दिवस पुरे. वॉटर पार्कही करायचं असेल किंवा घरात सत्तरीचं कोणी असेल तर एक रात्र, आणि ती आदल्या दिवशीची, म्हणजे सकाळी दार उघडताना तुम्ही ताजे असता आणि घाटातली गर्दी मागे पडलेली असते. सिंगापूर-हाँगकाँगच्या पार्कांना एकेक दिवस. फ्लोरिडाला जायचंच तर दर दोन पार्कांमागे एक रिकामा दिवस धरा आणि उतरल्यावर पहिले दोन दिवस तिकीटच काढू नका. एवढी रजा नसेल तर चार पार्कांतली दोन करा. उरलेली दोन कुठे जात नाहीत.

आणि बुकिंग करण्याआधी घरातल्या धाकट्याची उंची अनवाणी मोजून पार्कच्या अटींशी ताडून बघा. दोन सेंटिमीटरने हुकत असेल तर सरळ पुढच्या वर्षी जा.